हार्ड डिस्क घेण्याआधी बाबांसोबत बसा

तुम्ही जे कळवलंय ते आधी पुन्हा मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. बाबांचं वय ७९. त्यांनी जमवलेल्या सुमारे ७०० कॅसेट, १५० एलपी, ३२ स्पूल (मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या फिती), वीसेक वर्षांपूर्वी घरी ‘राइट’ केलेल्या दोनशेच्या वर सीडी, आणि पावणेदोन टीबी फाइली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क हल्ली सुरू होताना टकटक वाजते. घर सिंहगड रस्त्यावर, तळमजल्याला. आणि प्रश्न असा की दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, घ्यावा की सगळं क्लाउडवर चढवावं.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात लोकांच्या घरातलं संगीत फितींवरून उतरवून देतोय. त्या अनुभवावरून सांगतो, नॅस आणि क्लाउड दोन्ही महिनाभर थांबू शकतात. दोन गोष्टी मात्र थांबणार नाहीत: ती टकटकणारी डिस्क आणि बाबांची आठवण.

डिस्कचं आधी. टकटक म्हणजे बहुतेक वेळा आतलं वाचणारं हेड जागेवर बसत नाहीये आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय. आजपासून तिच्यावरून गाणी ऐकणं बंद. जोडल्यावर फोल्डर अजून दिसत असतील तर नवी डिस्क शेजारी तयार ठेवून एकाच बैठकीत कॉपी करा, आणि ज्या फाइली दुसरीकडे कुठेच नाहीत त्यांनीच सुरुवात करा. संगणक ‘डिस्क दुरुस्त करू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा, कारण त्या दुरुस्तीत मरायला टेकलेल्या डिस्कवर नव्याने लिहिलं जातं. फोल्डर दिसेनासे झाले किंवा टकटक थांबेचना, तर वायर काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. डिस्क काउंटरवर उघडणाऱ्या दुकानात नेऊ नका, तिच्या आत धुळीचा कण गेला तरी पृष्ठभाग खरवडला जातो. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून कोणी कोणी सांगतं. तो करू नका, आत दव धरतं.

आता बाबा. याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण या कामात सगळ्यात मोठं नुकसान मी इथेच होताना पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका घरातून माझ्याकडे चारशे कॅसेट आल्या. फिती उत्तम, बुरशी नाही, आवाज स्वच्छ. जमवणारे गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी गेले होते. बहुतेक डब्यांवर त्यांच्या सुंदर अक्षरात एवढंच: ‘यमन, भाग २’, ‘ना. घरी, पहाटे’, ‘बाईंचा भूप, अपूर्ण’. त्यांना स्वतःला ते पुरेसं होतं. ‘ना.’ कोण, ‘बाई’ कोणत्या, कोणतं साल, तबल्याला कोण, हे त्यांच्या डोक्यात होतं. त्यांची मुलगी आणि मी, शिवाय दोन जुने श्रोते, असे आम्ही कित्येक रविवार बसलो. साठेक कॅसेट ओळखता आल्या. बाकीच्या माझ्याकडे चोवीस बिटमध्ये अगदी नीट उतरवलेल्या आहेत आणि त्यात कोण गातंय हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. त्या मुलीने मला विचारलं होतं, ‘बाबा होते तेव्हा आम्ही का नाही हो विचारलं?’ तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की माझं पहिलं वाक्य डिस्कबद्दल नसतं.

तर तुम्ही असं करा. फोनचा रेकॉर्डर लावा, दहा कॅसेट बाबांच्या हातात द्या आणि तासभर बोलतं करा. डबा हातात आला की आठवणी येतात, नुसती यादी वाचून दाखवली तर येत नाहीत. कोण गातंय, कुठे, कोणाच्या घरी, साथीला कोण, टेप कोणाची होती, ही मूळ फीत की कोणाकडून उतरवून घेतलेली, उतरवून घेतली असेल तर त्यांच्याकडे मूळ अजून आहे का. तासाच्या वर ताणू नका, या वयात दमायला होतं आणि दमल्यावर नावांची सरमिसळ होते. प्रत्येक डब्यावर पेन्सिलीने एक नंबर घाला आणि बोलताना तो नंबर मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर जुळवताना घोळ होत नाही. ७०० कॅसेटचं सगळं बोलणं होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही.

गरज का नाही? कारण सगळ्या कॅसेट सारख्या मोलाच्या नसतात. बाबांसोबत बसतानाच तीन ढीग करा. पहिला: सहज पुन्हा मिळेल असं. मोठ्या कंपन्यांची गाजलेली ध्वनिमुद्रणं, जी सीडीवर आली, ऑनलाइन आहेत. दुसरा: प्रकाशित झालेलं, पण आता मिळायला कठीण. पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकांच्या कॅसेट, बंद पडलेल्या कंपन्यांची नाट्यगीतं, स्थानिक भजनी मंडळांनी काढलेल्या कॅसेट. तिसरा: जगात कुठेच नाही असं. घरगुती बैठका, रेडिओवरून भरलेलं, सवाई गंधर्व महोत्सवात मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली मुद्रणं, गुरूंकडची तालीम, आणि हो, आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा काकांनी लग्नात म्हटलेलं पद. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी लोक ‘संगीत’ म्हणून मोजतच नाहीत आणि त्याच फितीवर नंतर क्रिकेटची कॉमेंटरी भरतात.

तुमच्याकडे हा तिसरा ढीग सगळे स्पूल आणि १४०-१५० कॅसेट एवढा निघेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तुमची मेहनत आणि पैसा आधी या ढिगावर लागला पाहिजे. गणित बघा: कॅसेट सरासरी सव्वा तासाची धरली तर ७०० कॅसेटचे ८७५ तास होतात. फीत उतरवायला ती जितकी लांब तितकाच वेळ लागतो, घाई चालत नाही. रोज दोन तास दिलेत तरी सव्वा वर्षाच्या जवळ जाईल. इतका उत्साह कोणाचाच टिकत नाही. क्रमाने सुरुवात केली तर तीनशेव्या कॅसेटला काम थांबतं, आणि मोलाची फीत ५१२ नंबरला असते.

मात्र ढिगांत हात घालण्याआधी त्या दोनशे सीडी बघा. कॅसेट जुनी म्हणून तिची काळजी वाटते, पण घरी राइट केलेली सीडी जास्त दगा देते. कॅसेट हळूहळू म्हातारी होते, वरचे स्वर मंदावतात, खरखर वाढते, तरी गाणं ऐकू येतं. राइट केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरावर असते. तो थर उतरला की एका हद्दीपर्यंत सगळं ठीक वाजतं आणि त्यापुढे काहीच वाजत नाही. वर कागदी लेबल चिकटवलेल्या सीडी सगळ्यात आधी घ्या. ऑडिओ सीडी असेल तर नुसती कॉपी न करता ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या प्रोग्रामने काढा. तो चुकलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि तरी जमलं नाही तर कुठे जमलं नाही ते सांगतो. दोनशे सीडी महिन्याभरात आरामात होतात.

आता फिती. कॅसेट चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झला उतरवा, स्पूल ९६ला. बिट म्हणजे आवाजाचा आकडा किती बारीक टिपायचा, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा टिपायचा. ध्वनी-संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए चोवीस बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ असंच सांगते, ९६ला प्राधान्य देऊन. जागेची चिंता करू नका: चोवीस-४८ला एक तास साधारण एक जीबी होतो, आणि फ्लॅकमध्ये बांधला की त्याचा साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अख्ख्या ७०० कॅसेट सहाशे जीबीत मावतात. फ्लॅक म्हणजे एमपी३सारखं कापून लहान करणं नव्हे. उघडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपी३ फोनवर ऐकायला खुशाल करा, जतनाची प्रत मात्र फ्लॅकच. स्पूल उतरवताना एक खोडा लक्षात ठेवा: साध्या वेव्ह फाइलला चार जीबीची मर्यादा असते, आणि चोवीस-९६ला ती जेमतेम दोन तासांत गाठली जाते. लांबलेली बैठक भरत असताना भैरवीच्या तोंडावर फाइल तुटू शकते, म्हणून दीड तासाला नवीन फाइल करा किंवा आरएफ६४ हा प्रकार निवडा.

डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, चांगला हवा, आणि चांगला म्हणजे महागच असं नाही. त्याचे पट्टे ताणलेले नसावेत, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं असावं. पट्टे तपकीर गल्लीत शोधले तर अजून मिळतात. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा तिरकेपणा जुळवतात. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशिनवर भरलेली असते, त्यामुळे हे प्रत्येक कॅसेटला करावं लागतं: फीत चालू ठेवून, तानपुऱ्याचा झंकार सगळ्यात उजळ ऐकू येईल तिथे थांबायचं. या एका मिनिटाने जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या यंत्रानेही पडत नाही. फीत लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली असते. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत, तोंडाला मास्क, आणि चांगल्या डेकमध्ये अजिबात नाही, नाहीतर पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. बाबांकडे ७८च्या तबकड्या निघाल्या तर त्यांना अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

वेग तपासायला आपल्याकडे एक सोय आहे, ती म्हणजे पट्टी, गायकाचा ठरलेला सा. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली फीत चांगल्या डेकवर लावली की चढी वाजते. काळी एकमध्ये गाणारा गायक काळी दोनच्याही वर ऐकू आला तर शंका घ्या आणि बाबांना विचारा. त्यांच्या कानाला ते पटकन कळेल. पण मूळ उतरवलेली फाइल तशीच ठेवा. वेग दुरुस्त करायचा, खरखर काढायची, ते सगळं दुसऱ्या प्रतीवर. निवेदन, टाळ्या, तानपुरे जुळवतानाचा वेळ, मध्येच कोणाचं ‘वाहवा’ हेही कापू नका. कितीतरी फितींचं साल मला निवेदकाच्या एका वाक्यावरून कळलंय, आणि एकदा तर मागे वाजणाऱ्या रेडिओवरच्या बातम्यांवरून.

नावं देताना मराठी घरांत ठरलेल्या अडचणी येतात. फाइलचं नाव देवनागरीत लांबलचक ठेवू नका. संगणकाच्या बऱ्याच व्यवस्थांत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांट्या धरून. म्हणजे पंचाऐंशी चिन्हांत नाव संपलं. शिवाय ‘ॲ’ काही कळफलकांवर एका चिन्हाचा असतो, काहींवर दोन-तीन चिन्हं जोडून होतो. ‘कऱ्हाड’मधल्या ‘ऱ’चं तसंच. डोळ्यांना सारखं दिसतं, पण शोधताना संगणकाला सापडत नाही, आणि मॅकवरून विंडोजवर नेलं की एकाच गाण्याच्या दोन फाइली होतात. म्हणून फाइलचं नाव नुसता डब्यावरचा नंबर आणि बाजू, इंग्रजी अंकांत. गायक, राग, ताल, बंदिशीचे बोल, साथीदार, जागा, तारीख हे सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठणाऱ्या माहितीच्या रकान्यांत, आणि एका तक्त्यात देवनागरीत लिहा. टॅगचे तयार रकाने पाश्चात्य अल्बमच्या बेताने केलेले असतात, पण फ्लॅकमध्ये ‘RAAG’, ‘TABLA’, ‘HARMONIUM’ असे स्वतःचे रकाने घालता येतात. रकान्याचं नाव रोमन लिपीत, आतली माहिती देवनागरीत. पंडित, उस्ताद, विदुषी या पदव्या नावाच्या पुढे न लावता वेगळ्या रकान्यात ठेवा. आदर कमी होत नाही, पण एकच गायक तीन ठिकाणी विखुरला जात नाही. आणि एक रकाना हवाच: ‘कशावरून’. डब्यावर लिहिलंय, बाबांनी सांगितलं, की ऐकून अंदाज. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तुमच्या अंदाजाला पुरावा समजायची पाळी येऊ नये.

बाबांची जुनी यादी संगणकावर असेल तर ती बहुतेक ‘शिवाजी’ किंवा ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल. फॉन्ट नसेल तर ती रोमन चिन्हांचा काला दिसते. फाइल बिघडली म्हणून टाकू नका, युनिकोडमध्ये बदलून घेता येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम अजून उपयोगी आहे. दोन डिस्कचा नॅस यात एकच प्रत धरायची. त्यातल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी चालते. पण तुम्ही चुकून फोल्डर पुसलात तर तो त्याच क्षणी दोन्हीवरून पुसला जातो. चोरी, विजेचा झटका, खंडणीखोर व्हायरस, पाणी, या सगळ्यांत दोन्ही एकदमच जातात. माझं स्वतःचं असंच गेलंय. एका दुकानातून एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क घेतल्या होत्या. पहिली गेली, आणि दुसरी वाचवेपर्यंत नवव्या दिवशी तीही गेली. अकरा कॅसेट अशा होत्या ज्यांच्या मूळ फिती मी ‘उतरवून झालं’ म्हणून परत देऊन टाकल्या होत्या, आणि त्या घरी त्या रद्दीत गेल्या. म्हणून दोन कळकळीच्या सूचना: डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत घ्या. आणि तिसऱ्या ढिगातली मूळ फीत उतरवल्यावरही टाकू नका.

तुमच्यासाठी मी असं मांडेन. पहिली चार टीबीची डिस्क रोजच्या वापराला, संगणकाला जोडलेली, आणि संगणक यूपीएसवर. दुसरी कपाटात, वायर काढलेली, महिन्यातून एकदाच जोडायची. व्हायरस आला तरी वायर नसलेल्या डिस्कपर्यंत तो पोचत नाही. कॉपी करताना ‘सिंक’, म्हणजे दोन डिस्क आपोआप सारख्या ठेवणारा प्रोग्राम, वापरणार असाल तर पुसलेल्या फाइली तिकडेही पुसायचा पर्याय बंद ठेवा. तिसरी दुसऱ्या घरी. आणि दुसरं घर म्हणजे शेजारच्या इमारतीतलं नव्हे. १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत काय झालं ते बाबांना आठवत असेल. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं. जुलै २०२४मध्ये तुमच्याच सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तळमजले बुडाले. तुमची बहीण बाणेरला चौथ्या मजल्यावर राहते असं लिहिलंय, तिसरी डिस्क तिच्याकडे द्या. दर दिवाळीला भाऊबीजेला कपाटातली ताजी डिस्क तिच्याकडे न्यायची आणि तिच्याकडची घरी आणायची. आणि स्पूल-कॅसेट तळमजल्याच्या खालच्या फडताळातून आजच वर हलवा, उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब. स्पीकरमध्ये चुंबक असतो.

क्लाउड फक्त तिसऱ्या ढिगासाठी. तो अडीचशे जीबीच्या आसपास भरेल. ४० एमबीपीएस चढतीचा वेग मिळत असेल तर चौदा तासांत चढतो, आणि भाडंही झेपेल इतकंच राहतं. पण खातं कोणाच्या नावावर आणि पैसे कोणत्या कार्डातून, हे नीट ठरवा. ऑक्टोबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याचे नियम बदलले तेव्हा कितीतरी परदेशी सेवांचे हप्ते गुपचूप अडकले होते. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल पुसू शकतं, हेही माहीत असू द्या. पासवर्ड घरातल्या दुसऱ्या एका माणसाला माहीत हवा, कागदावर लिहून. गाणी ऐकायच्या अॅपवर ‘सेव्ह’ केलेलं तर प्रतीत धरूच नका. करार संपला की तिथलं गाणं निघून जातं.

तपासणीला मी खंडेनवमीचा दिवस धरतो. आपण त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुसून पुजतो, माझी अवजारं ही. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाच्या आकड्यांची एक खूण साठवलेली असते. तपासणीचा प्रोग्राम रात्रभर सोडला की एक बिट बदललेली फाइलही सकाळी यादीत दिसते, मग ती दुसऱ्या प्रतीवरून बदलायची. यादीची आणि बाबांच्या बोलण्याच्या फाइलींचीही तपासणी करा, लोक त्या विसरतात. डिस्क पाच वर्षांची झाली की चालत असली तरी नवी घ्या.

दुसऱ्यांना प्रती देण्याबद्दल थोडंसं. स्वतःच्या वापरासाठी उतरवणं वेगळं आणि इंटरनेटवर टाकणं वेगळं. प्रकाशित ध्वनिमुद्रणावर आपल्या कायद्याने साठ वर्षं हक्क असतो. घरगुती बैठकीच्या फितीबाबत तर मी कायद्याच्याही आधी त्या कलाकाराच्या घरच्यांना फोन करतो आणि त्यांना एक प्रत देतो. बहुतेक वेळा त्यांचं मन भरून येतं, आणि पुष्कळदा त्यांच्याकडून तबलजीचं नाव मिळतं.

एक गोष्ट बाबांशी बोलताना जमलं तर विचारा: पुढे हे कोणाकडे जावं असं त्यांना वाटतं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी नाव घातलेले, तारखा टाकलेले संग्रह पोत्यांतून आलेले पाहिलेत. ज्यांनी जमवलं त्यांचं अक्षर ओळखीचं निघतं तेव्हा फार वाईट वाटतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी हे १९८२मध्ये सुरू झालेलं संगीताचं संग्रहालय गुरुग्रामला आहे. तिसरा ढीग नीट यादीसह तयार असेल तर अशा ठिकाणी विचारता येतं. यादी नसेल तर कोणीही हात लावत नाही.

या रविवारी डिस्कची कॉपी लावून द्या. ती चालू असेपर्यंत पहिले दहा स्पूल बाबांसमोर ठेवा आणि रेकॉर्डर सुरू करा. त्या डब्यांवर काय लिहिलंय त्याचे फोटो पाठवलेत, तर वेग कोणता असावा आणि कोणत्या मशिनवर लावायचे ते मी बघून सांगतो. तोपर्यंत स्पूल स्वतः लावून पाहू नका. वळताना सालपटं पडत असतील किंवा फीत चिकट लागत असेल तर तिला आधी वेगळी प्रक्रिया लागते.